पायाळू, आणि किलोभराचंही नाही

गेल्या अंकात कमी दिवसांच्या बाळांबद्दल मी ओझरतं लिहिलं होतं. त्यावर आलेल्या पत्रांत पायाळू बाळाची पत्रं इतकी होती की या वेळी बाकी सगळे विषय बाजूला ठेवले. पहिल्या पत्राला जागा जास्त दिली आहे. ते पत्र मी चार वेळा वाचलं.

प्रश्न : डॉक्टर मॅडम, नमस्कार. माझं वय 24. पहिलंच बाळंतपण. 28 आठवडे झाले असताना एका रात्री कळा सुरू झाल्या. जवळच्या दवाखान्यात नेलं, त्यांनी तपासून लगेच मोठ्या रुग्णालयाची चिठ्ठी दिली. अडीच तास गाडीत गेले. पोहोचलो तेव्हा बाळाचा एक पाय बाहेर दिसत होता. वीस मिनिटांत बाळ नॉर्मलच झालं. मुलगी, 940 ग्रॅम. बारीकशी रडली. पेटीत ठेवली होती, तिसऱ्या दिवशी गेली. फुप्फुसं कच्ची होती आणि डोक्यात रक्तस्राव झाला असं सांगितलं. माझ्या जाऊबाईंचं बाळही पायाळू होतं, तेही 28 आठवड्यांचं, 1050 ग्रॅम. त्या चार दिवस आधीपासून पुण्यात अ‍ॅडमिट होत्या. त्यांचं सिझर केलं. तो मुलगा आता दोन वर्षांचा आहे, अंगणभर पळतो. सासरचे म्हणतात, तुझंही सिझर करायला हवं होतं, डॉक्टरांनी हयगय केली. आई म्हणते, तूच कळा आल्याचं उशिरा सांगितलंस. सिझर केलं असतं तर माझी मुलगी वाचली असती का? खरं काय ते सांगा.
(एक वाचक, मराठवाडा)

उत्तर : ताई, तुम्ही खरं विचारलंत, तसंच सांगते. तुम्ही तिथे पोहोचलात त्या घडीला सिझर करून ती वाचली असती, असं मला वाटत नाही. डॉक्टर डॉक्टरची बाजू घेणारच, असं तुमच्या घरी कुणी म्हणेल. म्हणून कारण नीट सांगते.

पाय बाहेर दिसतोय म्हणजे पिशवीचं तोंड बरंच उघडलेलं आहे आणि बाळ खाली निघालंय. सिझर ठरवलं तरी सही, सलाईन, लघवीची नळी, भूल देणारे डॉक्टर येणं, पाठीत सुई, मग छेद. रात्रीच्या वेळी कितीही धावपळ केली तरी अर्धा तास जातो. तुमची मुलगी वीस मिनिटांत झाली. समजा सगळे तयारच बसले होते, तरी वाटेत आलेलं बाळ पोटातल्या छेदातून उलटं वर ओढून काढावं लागलं असतं. 940 ग्रॅमच्या अंगाला ती ओढाताण सोसत नाही. किलोभर साखरेच्या पिशवीपेक्षा हलकं शरीर ते. बोटांचे ठसे उमटतात अंगावर. शिवाय तुमच्या पोटावर छेद आला असता तो वेगळा.

आता जाऊबाईंचं. तुमच्या प्रश्नाचं उत्तर तुम्हीच पत्रात लिहिलंय, ‘चार दिवस आधीपासून अ‍ॅडमिट होत्या’ या वाक्यात. त्या चार दिवसांत काय काय झालं असेल ते मी न बघता सांगू शकते. बाळाची फुप्फुसं पिकावीत म्हणून आईला स्टेरॉईडची इंजेक्शनं दिली असतील: बीटामेथासोन असेल तर चोवीस तासांच्या अंतराने दोन, डेक्सामेथासोन असेल तर बारा-बारा तासांनी चार. बाळाच्या मेंदूला जपायला शिरेतून मॅग्नेशियम दिलं असेल. लहान बाळांचे डॉक्टर आधीच येऊन बोलून गेले असतील, पेटी गरम करून ठेवली असेल, श्वासाचं मशीन शेजारी. इतकं लहान बाळ जन्मल्याबरोबर ओल्या अंगानेच मानेपर्यंत प्लॅस्टिकच्या स्वच्छ पिशवीत घालतात, म्हणजे ते गार पडत नाही; ती पिशवीसुद्धा कुणीतरी काढून ठेवली असेल. सिझर या सगळ्याच्या शेवटी आलं. घरच्यांना सिझर दिसलं कारण त्याचे टाके दिसतात. इंजेक्शनचे दिसत नाहीत.

घरच्यांवर रागावू नका. हीच चूक आम्ही डॉक्टरांनीही पुष्कळ वर्षं केली. रुग्णालयांच्या जुन्या वह्या काढून बघितलं की लहान पायाळू बाळांत सिझरने झालेली जास्त जगलेली दिसायची. म्हणजे सिझर चांगलं, झालं! पण सिझर कुणाचं व्हायचं? जिच्याकडे वेळ होता, जी वेळेत पोहोचली, जिचं बाळ जगेल अशी डॉक्टरांना आशा होती, तिचं. धावत आलेली, पाय बाहेर आलेली, ‘आता काय करायचं’ म्हणून सोडून दिलेली, ही सगळी ‘नॉर्मल’च्या रकान्यात. दोन रकान्यांतल्या बाळांची सुरुवातच सारखी नव्हती. तुमच्या घरातले दोन रकाने तसेच आहेत.

याचा छडा लावायचा एकच मार्ग असतो. चिठ्ठी टाकून ठरवायचं, कुणाचं सिझर आणि कुणाचं नॉर्मल, आणि मग मोजायचं. इंग्लंडमध्ये 26 रुग्णालयांनी मिळून तसा प्रयत्न केला. सतरा महिन्यांत बायका मिळाल्या तेरा. अभ्यास गुंडाळावा लागला. त्याचा अहवाल 1996 साली छापून आला. मला तो वाचून नवल वाटलं नाही. कळा देत आलेल्या बाईला ‘चिठ्ठी टाकूया का’ असं विचारायला कुणाची जीभ रेटते? कमी दिवसांच्या बाळंतपणात सिझर की नॉर्मल, यावर चिठ्ठ्या टाकून झालेल्या जगभरच्या अभ्यासांची नंतर बेरीज केली तेव्हा उपयोगी आकडे 116 बायकांचे निघाले. एवढ्यावर काहीही ठामपणे सांगता येत नाही.

लोक ज्या मोठ्या अभ्यासाचा दाखला देतात तो 2000 सालचा, 26 देशांतल्या 2088 बायकांचा. त्यात ठरवून सिझर केलेल्या गटात बाळ दगावण्याचं किंवा गंभीर आजारी पडण्याचं प्रमाण शंभरात 1.6 होतं, नॉर्मलच्या गटात 5. त्यानंतर जगभर पायाळू म्हटलं की सिझर असं होऊन बसलं. पण ती बाळं पूर्ण दिवसांची होती, अडीच-तीन किलोची. तो अभ्यास तुमच्या मुलीबद्दल काहीच सांगत नाही. दुसरी बाजूही सांगायला हवी. 2018 साली 28 आठवड्यांच्या आतल्या 12 हजारांहून जास्त पायाळू बाळांचे जुने आकडे एकत्र केले, तेव्हा सिझरच्या गटात मृत्यू आणि डोक्यातला रक्तस्राव कमी दिसला. त्यात दोन रकान्यांचा तोच घोळ थोडाफार आहेच, पण तो आकडा मी खिशात ठेवते, फेकून देत नाही. ब्रिटनच्या प्रसूतितज्ज्ञांच्या संस्थेने 2017 मध्ये लिहिलं की कमी दिवसांची कळ आपोआप लागली असेल तर केवळ बाळ पायाळू आहे म्हणून सरसकट सिझर करू नये, आई-बाळाची अवस्था बघून ठरवावं.

मग मी काय करते? 28 आठवड्यांची बाई आली, बाळ पायाळू आहे, पिशवीचं तोंड दोन-तीन बोटंच उघडलंय, सोनोग्राफीत बाळ ठीक आहे, खाली बाळांचे डॉक्टर हजर आहेत, तर मी सिझरचं बोलते. लपवत नाही. बुडाऐवजी पाय पुढे असतील तर जास्तच, कारण पायांच्या बाजूने नाळ घसरून खाली येते आणि मग मिनिटं मोजायची वेळ येते. पण तोंड पूर्ण उघडलंय आणि बाळ खाली आलंय, तेव्हा सुरीला हात लावत नाही. तुमच्याकडे पहिली वेळ आलीच नाही, ताई. तुम्ही दारात पाऊल टाकलंत तेव्हा दुसरी सुरू होऊन गेली होती.

लहान बाळात भीती कशाची असते ते एकदा डोळ्यांनी बघितलंय म्हणून सांगते. पूर्ण दिवसांच्या बाळाचं डोकं आणि धड घेराला जवळपास सारखं असतं. 28 आठवड्यांत मात्र डोक्याचा घेर साधारण 26 सेंटिमीटर आणि पोटाचा त्याहून दोनेक सेंटिमीटर कमी. त्यामुळे तोंड पुरतं उघडायच्या आधीच धड सटकन बाहेर येतं आणि डोकं आत राहतं. 1988 साली मी शिकाऊ डॉक्टर असताना रात्री अकराशे ग्रॅमचं बाळ असंच आलं. धड माझ्या हातावर, आणि मानेभोवती पिशवीचं तोंड, सुजलेल्या बोटात अंगठी अडकावी तसं. माझे हात आपोआप ओढायला गेले. शेजारच्या सिस्टरने, पंचवीस वर्षं लेबर रूममध्ये काढलेली बाई, माझ्या मनगटावर हात ठेवला. ‘ओढू नका बाई. गरम टॉवेल घ्या आणि धरून राहा.’ मी बाळाचं अंग टॉवेलमध्ये धरून उभी राहिले. आमचे रजिस्ट्रार आले, त्यांनी बोटांच्या आधाराने पिशवीच्या तोंडाला घड्याळातल्या दहा आणि दोनच्या जागी छेद दिले, आणि डोकं आलं. ती मुलगी जगली. आईला दोन बाटल्या रक्त लागलं. त्या रात्रीपासून पायाळू बाळाला हात लावण्याआधी मी हात मागे बांधते, अक्षरशः. आपण ओढलं की बाळाचे हात वर जातात, हनुवटी उचलली जाते, आणि अडकायचं नसलेलं बाळही अडकतं.

एका गोष्टीचा मात्र मलाही राग आला. पहिल्या दवाखान्यात चिठ्ठी लिहिताना स्टेरॉईडची पहिली सुई देता आली असती. 24 ते 34 आठवड्यांत कळा आल्या तर डेक्सामेथासोनचा पहिला डोस देऊन मगच पुढे पाठवा, हे केंद्र सरकारने 2014 मध्येच सांगितलंय. उपकेंद्रातली नर्सबाईसुद्धा देऊ शकते. औषध स्वस्त, कुठेही मिळणारं. भारतासह पाच देशांत 2852 बायकांवर झालेल्या अभ्यासात ही सुई घेतलेल्यांची बाळं पहिल्या महिन्यात शंभरात साधारण 20 गेली, न घेतलेल्यांची साधारण 24. तरीही अडीच तासांत तिचा पूर्ण गुण आला नसता, हेही खरं. म्हणून यातून नवा ‘असतं तर’ काढू नका. हे मी तुमच्यासाठी लिहिलेलं नाही. हा अंक ज्या दवाखान्याच्या टेबलावर पडेल, तिथल्यांसाठी लिहिलंय.

आणि आईंना हा भाग वाचून दाखवा. पहिलटकरणीला सातव्या महिन्यातली कळ कळ म्हणून ओळखू येत नाही. गॅस झाला, कंबर भरली, शिळं खाल्लं असंच वाटतं. मी स्वतः प्रसूतितज्ज्ञ असून माझ्या वेळी दोन तास ओवा चावत बसले होते.

पुढच्या वेळेसाठी : दीड-दोन वर्षांचं अंतर ठेवा. दिवस राहिल्याबरोबर डॉक्टरांना हे बाळंतपण सांगा. 18 ते 24 आठवड्यांत आतून सोनोग्राफी करून पिशवीच्या तोंडाची लांबी मोजून घ्या. आखूड असेल तर प्रोजेस्टेरॉनची गोळी किंवा तोंडाला टाका, असे उपाय आहेत. लघवीची तपासणी चुकवू नका. सहावा-सातवा महिना बाळांचा अतिदक्षता विभाग असलेल्या गावी, नातेवाइकांकडे काढता आला तर काढा. पेटीतलं बाळ गाडीतून हलवण्यापेक्षा पोटातलं बाळ आईसकट हलवलेलं केव्हाही बरं. तुमच्यासारख्या बऱ्याच जणींचं पुढचं बाळंतपण पूर्ण दिवसांचं होतं.

मुलीचं नाव ठेवलं होतंत का, ते पत्रात नाही. ठेवलं असेल तर घरात घेत जा.

प्रश्न : तिसावा आठवडा चालू आहे. सोनोग्राफीत बाळ पायाळू सांगितलंय. सासूबाई म्हणतात, गावातली सुईण पोट चोळून बाळ फिरवते. फिरवून घेऊ का?
(वाचक, सांगली जिल्हा)

उत्तर : नको. 28 आठवड्यांच्या सुमाराला पाचातलं एक बाळ पायाळू असतं, आणि दिवस भरेपर्यंत शंभरात तीन-चारच तशी उरतात. बाकीची आपली आपण फिरतात, कुणी न चोळता. सुईणीच्या हातगुणाचं नाव त्यामुळेच होतं. चोळण्यात वार सुटली तर मात्र आई आणि बाळ दोघांवर बेततं. 36 आठवड्यांनंतरही बाळ फिरलं नाही तर तज्ज्ञ डॉक्टर बाहेरून फिरवून बघतात, सोनोग्राफी लावून आणि ऑपरेशन थिएटर जवळ ठेवून. निम्म्या वेळा जमतं.

सध्या एवढंच ध्यानात ठेवा : अंगावरून पाणी गेलं तर कळा असोत-नसोत, डाव्या कुशीवर आडवं व्हा, 108 ला फोन लावा आणि निघा. ‘आधी अंघोळ करून घेते’ म्हणणाऱ्या मी पुष्कळ पाहिल्यात. बाहेर दोरीसारखं काही हाताला लागलं तर ती नाळ. ती आत ढकलायची नाही. गुडघे आणि कोपरांवर ओणवं होऊन कंबर वर ठेवायची.

प्रश्न : आमचं बाळ 27 आठवड्यांत, पायाळू म्हणून सिझरने झालं. आता दीड वर्षाचं आहे, छान आहे. पत्नीच्या डिस्चार्ज कार्डवर पिशवीवर ‘उभा छेद’ असं लिहिलंय, पण पोटावरचा व्रण तर आडवा आहे. चुकून लिहिलं असेल का? पुढच्या वेळी नॉर्मल होऊ शकेल का?
(वाचक, ठाणे)

उत्तर : चुकून नाही. ज्यांनी लिहिलं त्यांचे आभार माना. ही ओळ लिहायला विसरणारे पुष्कळ असतात. कातडीवरचा व्रण आणि पिशवीवरचा छेद या दोन वेगळ्या गोष्टी. सिझर करताना आपण पिशवीचा खालचा, पातळ झालेला भाग आडवा कापतो. 27 आठवड्यांत तो भाग तयारच झालेला नसतो, दोन बोटांची जागा. त्या फटीतून पायाळू बाळाचं डोकं काढायला गेलं तर ते तिथेही अडकतं. सिझर केलं म्हणजे डोकं अडकत नाही हा गैरसमज आहे. म्हणून छेद उभा, वरच्या जाड भागात न्यावा लागतो.

त्याची किंमत पुढच्या बाळंतपणात मोजायची असते. नेहमीच्या आडव्या छेदाची पिशवी पुढच्या वेळच्या कळांत शंभरात एखादीची उसवते, तीही क्वचित. उभ्या छेदाची शंभरात चार ते नऊ जणींची, आणि कधी कधी कळा लागायच्या आधीच. तेव्हा नॉर्मलचा विचार सोडा. पुढचं सिझर कळांची वाट न बघता 36-37 आठवड्यांत ठरवून करतात. कार्डाचे फोटो दोघांच्याही मोबाइलमध्ये ठेवा, आणि त्या वेळी पोटात नेहमीपेक्षा वेगळं काहीही दुखलं तर तडक रुग्णालय गाठा.

प्रश्न : माझा नातू 31 आठवड्यांत झाला, 1300 ग्रॅमचा, पायाळू. सिझर करावं लागलं. आता चौदा महिन्यांचा आहे. आमच्या गल्लीत कुणाच्या पाठीत उसण भरली की त्याचा पाय लावून घ्यायला येतात. परवा शेजारच्या काकू म्हणाल्या, सिझरने झालेला पायाळू खरा नव्हे, त्याचा गुण येत नाही. दुसरं, तो अजून चालत नाही, धरून उभा राहतो फक्त. काळजीचं आहे का?
(एक आजी, सातारा)

उत्तर : आजी, पस्तीस वर्षांच्या प्रॅक्टिसमध्ये हा प्रश्न मला पहिल्यांदाच आला. आमच्या पुस्तकाप्रमाणे पोटात ज्याचे पाय किंवा बूड खाली तो पायाळू. बाहेर कुठल्या वाटेने आला याच्याशी संबंध नाही. छेदातूनही त्याचे पाय किंवा बूडच आधी आलं असणार. तेव्हा काकूंना खुशाल सांगा, अस्सल आहे. उसण त्याने जाते का, ते मी सांगणार नाही. चौदा महिन्यांच्या पोराने पाठीवर नाचलं तर कुणालाही बरंच वाटेल. विजेच्या वेळी त्याला माजघरात कोंडू मात्र नका. पायाळूवर वीज पडते यात तथ्य नाही, पोर उगाच भेदरतं.

चालण्याचं. त्याचं वय चौदा महिने नाही. तो नऊ आठवडे आधी आलाय, तेवढे वजा करा. बारा महिने भरतात. बारा महिन्यांचं मूल धरून उभं राहतंय, म्हणजे वेळेत आहे. दोन वर्षांचा होईपर्यंत असाच हिशेब करा. दीड वर्षाचा, म्हणजे तुमच्या मोजणीने वीस महिन्यांचा होऊनही चालला नाही, किंवा एकाच बाजूचा हात-पाय कमी वापरताना दिसला, तर बालरोगतज्ज्ञांना दाखवा.

पत्रात एक गोष्ट नाही, ती विचारते. त्याचे डोळे तपासले होते का? 34 आठवड्यांच्या आत किंवा दोन किलोच्या आत जन्मलेल्या बाळाचा डोळ्याचा पडदा जन्मापासून महिन्याभरात तपासावा लागतो. पडद्यावर नको त्या शिरा वाढल्या आणि वेळेत लेसर झालं नाही तर दृष्टी जाते, आणि वरून डोळा चांगलाच दिसतो. तपासणी झाली असेल तर फाइलमध्ये नोंद असेल. नसेल तर आता डोळे आणि कान दोन्ही दाखवून घ्या. कानांची तपासणी पाच मिनिटांची आहे, मूल झोपलेलं असताना होते.

तुमच्या पत्राच्या समासात तुम्ही लिहिलंय की सून तापाने पडली तेव्हा बारा दिवस तुम्हीच त्याला उघड्या छातीशी बांधून बसत होता. लोक हसायचे म्हणे. दिल्लीच्या सफदरजंग रुग्णालयासह पाच देशांत 3211 लहान बाळांवर हे करून बघितलंय. जन्मल्यापासून लगेच छातीशी धरलेली बाळं पहिल्या महिन्यात शंभरात 12 गेली, पेटीत ठेवून नंतर धरलेली साधारण 16. हसणाऱ्यांना हा आकडा सांगा. आणि एकदा सातारला आले की तुमच्या नातवाचा पाय मलाही लावून घ्यायचाय; इतकी वर्षं वाकून बाळंतपणं करून कंबर धरली आहे.